बेपत्ता मुलाच्या वजनाबाबत

जबाब देणाराचे नाव: बेपत्ता नोंदीत आहे तेच. वय: त्रेपन्न. धंदा: मोटार ड्रायव्हिंग स्कूल, स्वतःचे, गाडी एक. राहणार: पाण्याच्या टाकीमागे, ड्रायव्हिंग स्कूलच्या वरचा मजला.

समक्ष ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. आम्हाला एकच मुलगा, वय एकवीस, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, राहायला होस्टेलवर. कॉलेजच्या कुस्ती टीममध्ये तो एकसष्ट किलो गटात खेळतो. टीममध्ये त्याला फिरकी म्हणतात. मी चिरंजीव म्हणतो. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्याला बरोबर कळायचे. सीझनच्या पहिल्या सामन्याच्या सकाळपासून तो बेपत्ता आहे आणि तशी नोंद मी याच ठाण्यात केलेली आहे.

मागच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावून ती नोंद बंद करण्याविषयी सांगितले. ती बंद होऊ नये आणि तिच्यातल्या वर्णनात दुरुस्ती व्हावी म्हणून मी आज आलो आहे. साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगता आले असते तर मी टेलिफोनवरच सांगितले असते.

त्या दिवशी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये वजने चालू होती. चिरंजीव काट्यावर उभा राहिला तेव्हा तीनशे ग्रॅम जास्त भरला. आदल्या दिवसापासून त्याने पाणीसुद्धा घेतले नव्हते. कोच म्हणाले, "एक चक्कर मारून ये, घामाने उतरेल." त्याने दोन स्वेटर घातले, वर प्लॅस्टिकचे जाकीट चढवले आणि हॉलच्या मागच्या दाराने पळत गेला. वजनाची वेळ संपली, काटा उचलून ठेवला, तरी तो आला नाही. फोन, पाकीट, कपडे पिशवीत तसेच राहिले. हे सर्व मला कोचनी सांगितले. मी त्या वेळी एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होतो.

दुपारी कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर त्याचा एक स्वेटर पसरलेला मिळाला. कालव्यात शोध झाला, काही मिळाले नाही. ठाण्याचे म्हणणे, पाण्याला ओढ होती. माझे म्हणणे, जीव द्यायला निघालेला माणूस स्वेटर वाळत घालून जात नाही. हे मी तेव्हाही सांगितले होते, पण लिहून घेतले नव्हते. आता लिहून घ्यावे.

त्यानंतर सीझनभर मी टीमच्या मागे गेलो. टीमची बस पुढे आणि माझी गाडी मागे. गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा "शिकाऊ" असा बोर्ड पक्का बसवलेला आहे, तो निघत नाही. त्यामुळे हमरस्त्यावर येणारा-जाणारा हॉर्न मारून, वर मान हलवून पुढे जायचा. तीस वर्षे लोकांना गाडी शिकवली आणि उतारवयात शिकाऊ ठरलो. बसमधली पोरे मागच्या काचेतून हात करायची. पहिल्या दोन खेपांना केला नाही, नंतर करू लागली.

मी का गेलो, असे साहेबांनी विचारले. चिरंजीवाला माझा राग आला असेल, कोचचा आला असेल, काट्याचा आला असेल. पण सामने कधी आणि कुठे आहेत हे त्याला तोंडपाठ होते. माणूस घर टाळेल, पण जिथे आपले नाव पुकारतात तिथे एकदा तरी डोकावेल, असा माझा अंदाज होता.

नाव पुकारत होते, कारण कोचनी ते यादीतून काढले नव्हते. सामना म्हणजे दोन कॉलेजांच्या टीम समोरासमोर आणि प्रत्येक वजनाची एक कुस्ती. एकसष्ट किलोचा पुकारा झाला की समोरचा मुलगा मॅटच्या मधोमध येऊन उभा राहतो. आमच्या बाजूने कोणी येत नाही. टेबलावरून तीनदा नाव घेतात. मग पंच समोरच्याचा हात वर करतात आणि त्याला गुण देतात. हातातला चहा गार व्हायच्या आत सगळे उरकते. त्या वजनाला दुसरा मुलगा सहज मिळाला असता, कॉलेजने कोचना तसे बजावलेही होते.

कोचवर माझा राग होता आणि आहे. पहिल्या सामन्यानंतर मी त्यांना सगळ्यांदेखत म्हणालो, "माझं पोर तुम्ही बटाट्यासारखं तोललंत." ते "हो" म्हणाले. दुसरे काही बोलले असते तर मला भांडता आले असते. पुढच्या सामन्याला त्यांनी माझ्यासाठी टीमच्या बाकाजवळ खुर्ची ठेवली. मी ती उचलून वर प्रेक्षकांत नेली, कारण मला मॅट बघायची नव्हती, लोक बघायचे होते.

प्रत्येक ठिकाणी मी पत्रके वाटली आणि दारांवर चिकटवली. पत्रकावर चिरंजीवाचा मेडल घातलेला फोटो आहे. गाल आत, डोळे मोठे, गळ्याची हाडे वर आलेली. खाली लिहिले आहे, अंगकाठी सडपातळ, वजन एकसष्ट किलो. तीनदा पुकारा चालू असे तेव्हा मी एकेक रांग बघत असे. बसल्या जागी माझा पाय सारखा दाबला जाई. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, त्याची सवय आहे. शेजारचे विचारायचे, काका, पाय दुखतो का.

टीमची पोरे कोरड्या तोंडाने बोलायची. वजनाच्या आधी बाटलीत थुंकत बसायची, तेवढेच दोन-चार ग्रॅम कमी. एकदा वाटेत बस बंद पडली. मी गाडीत पाव आणि उकडलेली अंडी काढली, तर चौघे जण खिडकीशी येऊन उभे राहिले. वजन दुसऱ्या दिवशी होते. मी डबा झाकायला लागलो तसा कप्तान म्हणाला, "काका, झाकू नका. तुम्ही खा, आम्ही बघतो."

मी खाल्ले. "लोणी लावा ना जरा." "अहो, एवढं थोडं काय!" "सावकाश चावा काका, गाडी काही सुटत नाही." असे ते सांगत होते आणि मी करत होतो. आमचाही असाच कुणाच्या तरी खिडकीशी उभा राहिला असेल, हे मनात आले. मी डबा बाजूला ठेवला. पोरांसाठी परत घेतला.

पत्नी घरीच थांबायची. दोघेही गेलो आणि तो आला तर दाराला कुलूप दिसेल, असे तिचे म्हणणे होते. मी परत आलो की ती विचारायची, "पुकारलं?"

"तीनदा."

"मग?"

"मग दुसऱ्याचा हात वर केला."

एवढे झाले की ती जेवायची पाने घ्यायची. एकदा मात्र मधेच थांबून म्हणाली, "अहो, पुकारणारा नीट मोठ्याने पुकारतो ना?" मी म्हणालो, "अगं, माइक असतो." तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "माइकवर सगळ्यांचं नाव सारखंच ऐकू येतं. तुम्ही स्वतः एकदा हाक मारून बघा." मी मारली नाही. भरल्या हॉलमध्ये मला लाज वाटली. कसली वाटली ते आता सांगता येत नाही.

शेवटच्या सामन्यात दोन्ही टीमचे गुण सारखे झाले आणि एकच कुस्ती राहिली, ती एकसष्ट किलोची. वजनांचा क्रम चिठ्ठी काढून ठरतो, तो तसा आला. दुसरा मुलगा उभा केला असता तर निदान झुंज झाली असती. आदल्या दिवशी कोचनी टीमला विचारले होते आणि पोरांनी नको म्हटले होते, असे मला नंतर समजले. तीन पुकारे झाले. समोरच्या पोराला सगळे माहीत होते. तो खाली मान घालून उभा राहिला आणि पंचांनी हात वर करायला घेतला तर तो वर जाईना, पंचांना ओढावा लागला. सीझनचा निकाल त्याच सामन्यावर होता, आमची टीम सीझन हरली.

सामन्यानंतर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पोरे भिंतीला टेकून खात बसली होती. आता वजन नव्हते. कप्तानाच्या दोन्ही हातांत पाव होता, तो रडत होता आणि खात होता. मी त्याच्याशी न बोलता निघून आलो.

आता दुरुस्तीचे सांगतो. काल सकाळी आमच्या दारावर टकटक झाली. मी दार उघडले. गुबगुबीत गालांचा, रुंद मानेचा एक मुलगा उभा होता. मी म्हणालो, "शिकायचंय का? ऑफिस खाली आहे. फॉर्म तिथे मिळेल."

त्याने दारातच चपला काढल्या. मग म्हणाला, "काका, मी."

आवाज ऐकून पत्नी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, हा त्यांचा कप्तान ना? फोन करायचा तो?" ती त्याला फक्त फोनवरून ओळखत होती. मी त्याला सीझनभर पाहिला, त्याच्यासमोर बसून अंडी खाल्ली, आणि सीझन संपून महिनाही झाला नव्हता.

तो ओशाळून म्हणाला, "खायला सुरुवात केली की आम्ही असेच होतो काका. फिरकी तर माझ्या दुप्पट सुटायचा."

हे मला माहीत होते. सुट्टीत चिरंजीव घरी आला की तिसऱ्या आठवड्यात त्याच्या शर्टाची बटणे लागत नसत आणि मी त्यावरून त्याला चिडवायचो. पण नोंद करताना ठाण्यात विचारले, फोटो द्या, तर मी भिंतीवरचा मेडलचा दिला, कारण तो अभिमानाचा होता. विचारले, वजन किती, तर मी एकसष्ट सांगितले. आमच्या घरात तो आकडा आडनावासारखा झाला होता. खरे तर एकसष्ट तो फक्त काट्यावर असायचा. बेपत्ता झाला त्या दिवशी तर काट्यावरही नव्हता. म्हणजे असा मुलगा कुठे नाहीच, आणि ठाणे त्याला शोधत आहे. मीही सीझनभर त्यालाच शोधला.

पत्नीने सुट्टीतला एक फोटो काढून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यात तो गच्चीवर उभा आहे, गाल भरलेले आहेत, आणि मी काहीतरी बोललो म्हणून हसतो आहे. पत्रकावर हा फोटो घ्यावा. नोंद बंद करू नये.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. कप्तान दारात येईपर्यंत ती सांगण्यासारखी वाटली नव्हती.

चौथा सामना परगावी होता. एकसष्ट किलोचे तीन पुकारे होऊन गेले होते आणि मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन दाराकडे निघालो होतो. दारावर मीच चिकटवलेल्या पत्रकासमोर एक जण माझ्याकडे पाठ करून उभा होता. डोक्यावर टोपी, जाकिटाची कॉलर वर. तो बराच वेळ वाचत होता. मला बरे वाटले, कारण लोक वाचत नाहीत. मी मागूनच विचारले, "भाऊ, ओळखता का याला?"

त्याने वळून न बघता मान हलवली, नाही म्हणून.

मी म्हणालो, "कुठे दिसला तर खाली नंबर आहे. त्याला सांगा, आई घर सोडून कुठे जात नाही." तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग दार ढकलून बाहेर गेला. मला त्याची पाठ तेवढी दिसली. पाठ भरलेली होती, मान जाड होती, आणि माझ्या मनात आले, कुणीतरी खात्यापित्या घरचा आहे. मी पुढच्या दाराकडे गेलो.

तो माझा मुलगा होता असे मी शपथेवर सांगू शकत नाही. नव्हता असेही काल सकाळपासून सांगू शकत नाही. हे मी पत्नीला सांगितलेले नाही. तरी या जबाबाची प्रत घरच्या पत्त्यावर पाठवू नये, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. वर्णनाच्या कागदावरचा एकसष्टचा आकडा माझ्यासमोर खोडला. त्या जागी काय घालायचे असे लिहून घेणाऱ्यांनी विचारले. माहीत नाही, पण जेवत असावा, असे मी सांगितले आणि त्यांनी तसेच लिहिले. खाली सही केली आहे.