जुन्या वासाची बाटली

मी तेलाच्या कंपनीत सेल्समध्ये होतो ना, तेव्हाचं सांगतो. आमच्या माक्याच्या तेलाचा खप दरवर्षी घसरत चालला होता. मग मालकांनी बाटली बदलली, वास बदलला, वर ‘नवीन’ अशी चिठ्ठी डकवली आणि खरंच, तेल पुन्हा चालायला लागलं.

एकदा द्वारका सर्कलजवळच्या दुकानात मी हेच ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात घोटीहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी दुकानदाराला विचारलं, “जुन्या वासाची बाटली हाय का?”

मीच मध्ये बोललो, “बाबा, तेल तेच आहे. वास उलट आता जास्त चांगला आहे. केसांना लावून तर बघा.”

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता.

“मला नाय लावायचं. घरवाली गेली माझी, वर्ष झालं. तिच्या उशीचा वास आता जायला लागलाय.”

गिऱ्हाइकांना फरक दाखवायला माझ्या बॅगेत एक जुनी बाटली असायची. ती मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं, डोळे मिटून एकदाच वास घेतला आणि लगेच झाकण घट्ट लावलं.

मी म्हटलं, “घ्या की अजून.”

“नको,” ते म्हणाले, “पुरवून वापरायचाय.”