उसवलेली तार

(जळकोटच्या शिवारात टॉवरलाइनीखाली मेंढ्यांचा वाडा. दुपार कललीय, आभाळ भरून आलंय.)

सिदू : मग उतरवा की ती! तुमी लाइनीच्या इंजिनेर, तार बी तुमचीच नव्हं?

दीपाली : आमचीच आहे, मामा. पण लाइन बंद केल्याशिवाय वर माणूस चढत नाही. आणि बंद करणं माझ्या हातात नाही. दर महिन्याला परवानगी मागतेय.

सिदू : काय म्हनत्यात वरचे?

दीपाली : त्या सगळ्यात वरच्या तारेच्या पोटात काचेचे बारीक धागे आहेत. त्यातून आमचे निरोप जातात. ते नीट जातायत, म्हणजे तार चांगली, म्हणतात.

सिदू : आन् हे लोंबतंय ते?

दीपाली : ते बाहेरचे पीळ. वीज कोसळली की ती तारच आधी अंगावर घेते. वीसेक वर्षं घेतेय. एकेक पीळ तुटत गेला. आतलं शाबूत आहे म्हणून बाहेर कुणी बघत नाही.

गजराबाई : आवो, आभाळ लई काळं झालंय!

सिदू : पडून र्‍हा तू. मांडी मोडलीय तिची, मॅडम. खाटंवरनं हलाय येत न्हाय.

दीपाली : वारं सुटलं तर तो पीळ खालच्या चालू तारेला लागेल. मग जाळ होऊन वरची तार तुटून इथंच येईल. वाडा हलवा, मामा.

सिदू : कुठं? तिन्ही अंगाला उभा ऊस. सडकंला न्याव्या तर ट्रका. शंभूअण्णानं हेवढंच वावर दिलंय खतासाठी मेंढरं बसवाय.

दीपाली : थांबा, साहेबांना परत लावते. …हॅलो, सर. हो, खालीच उभी आहे. …नाही सर, अजून पडलेली नाही. …बरं.

सिदू : काय म्हनले?

दीपाली : पडली की लगेच बंद करतो म्हणाले.

गजराबाई : सुटलं की वो वारं!

दीपाली : ते पलीकडं पाण्याच्या मोटारीचं खोपट दिसतंय, मामींना तिथं नेऊ. मी पायाकडनं धरते खाट.

सिदू : तुमी?

दीपाली : दुसरं काय करू, मामा? उचला.

गजराबाई : आन् मेंढरं? आवो, मेंढरं र्‍हायली की!

सिदू : गप, गजरे.

गजराबाई : बाई, तुमी तरी सांगा ह्यास्नी. कालच्या व्यालेल्या हायती त्यात.

दीपाली : मामी, डोकं खाली टेका. दार बुटकं आहे.