आईचे थर

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळे जिल्ह्यातलं. मी रांगत होतो तेव्हाच वडील गेले, आईने मजुरी करून मला शिकवलं, आणि मी धुळ्याला कॉलेजात होतो तेव्हा ती गावाजवळच्या धरणावर बायांच्या टोळीची मुकादम होती. मातीचं धरण. काळी माती वीतभर पसरायची, पाणी मारायचं, तुडवायची, मग दुसरा थर. संध्याकाळी आई बायांच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे थरात दाबायची, हिरव्या काचा, म्हणजे हा थर कोणाचा, असं उद्या कोणी विचारायला नको. तिच्या स्वतःच्या हातात बांगडी नव्हतीच, काय सांगू तुम्हाला.

धरणात पाणी अडलं आणि आठच दिवसांत भिंत फुटली, खालची शेतं वाळूने भरली. धरणाचे साहेब म्हणाले, बायांनी माती नीट तुडवली नाही. कागदावर तेच राहिलं, धरण तसंच सोडून दिलं. विहिरीवर आई गेली की बाया म्हणायच्या, काय वं अक्का, तुना धरणनं पानी पाज ना. ती हसायची, आणि घरी येऊन मला म्हणायची, भाऊ, एकदाव जाई ये, देखी ये, फुटना तो मना थर शे का? तिचे गुडघे गेलेले. मी भडगावला वाचनालयात नोकरीला, सुटीत यायचो, जाऊ म्हणायचो आणि पुस्तक घेऊन पडायचो. खरं सांगतो, मला वाटायचं तिचाच थर फुटला. बघून येऊन तिला सांगू काय?

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तेरावं झालं आणि मी निघालो. सागाच्या जंगलातली पायवाट, अर्धा तासही लागला नाही. तिथे दारूच्या बाटल्या, कोंबडीची पिसं, सडलेल्या पत्रावळी. उद्घाटनाचा दगड मात्र शाबूत, सोनेरी नावांचा, आणि त्याच्याच आडोशाला लोक बसून गेलेले.

फुटल्या जागी कमरेइतकी भिंत अजून उभी होती, वीत वीत थर, दगडासारखे, प्रत्येकात हिरव्या काचा. त्यावरची माती पाण्याने फाडून नेलेली, दोन्ही अंगांना तिची उभी कड दिसत होती. पुरुषभर उंच, एका दमात ओतलेली, नुसती कोरडी ढेकळं, बाभळीचे काटे, सिमेंटच्या गोणीच्या चिंध्या. काच एकही नाही. मंत्री यायचे होते म्हणून शेवटी बायांना घरी बसवून ट्रॅक्टर लावले होते, हे आई सांगायची. पण फुटली ती वरून की खालून, हे तिला कोणी सांगितलं नाही.

विहिरीवर जाऊन मी सांगितलं. बाया म्हणाल्या, जाऊ दे ना भाऊ, आता काय त्याचं. मला त्यांची किळस आली, साहेबाची तर येतेच, पण त्या अर्ध्या तासाच्या वाटेची आठवण झाली की माझं मलाच तोंड बघवत नाही. तिच्या फोटोसमोर मी अजून म्हटलेलं नाही, की आई, तुझा नव्हता.

काच मी एकही उकरली नाही. त्या थरांवर गवतसुद्धा रुजत नाही, इतके घट्ट आहेत. देव त्यांना तसेच ठेवो.