शिक्षेची उत्तम व्यवस्था

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाचे आधारस्तंभ केशवराव दिघे, परदेशातल्या शाळेसाठी शिक्षक निवडायला दिल्लीहून आलेले सन्माननीय चोप्रासाहेब, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती वैजयंती मुळ्ये, तिच्या मातोश्री शकुंतलाबाई, आणि इंद्रपुरीतून पायी, मंडीदीपहून बसने आलेल्या बंधुभगिनींनो,

मी त्याच शाळेत शिकवून आले, म्हणून अनुभवाचे चार शब्द बोलायची मला आज्ञा झाली. आज्ञाच म्हणते, कारण मी आधी नाही म्हटलं होतं. आग्रह चोप्रासाहेबांचा. मघाशी चहा घेताना ते हिंदीत म्हणाले, भाभीजी, तुम्ही चांगलं बोललात तर तिकडे सरांनाही बरं वाटेल. सर म्हणजे आमचे हे. आपल्या कारखान्याच्या शाळेत गणित शिकवणारे सुभाष सर अजून तिकडेच आहेत, हे आपण जाणताच. मराठी आपल्याला निम्मीअर्धी कळते, असंही साहेब म्हणाले. आनंद आहे.

आत्ता त्यांच्या भाषणात एक वाक्य आलं, “हमारे यहाँ शिक्षा सबको बराबर मिलती है.” मागच्या रांगांत हशा पिकला. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांना शिक्षण म्हणायचं होतं, पण मराठी घरात शिक्षा म्हणजे काय, हे लहानपणी अंगठे धरून उभं राहिलेल्यांना मी काय सांगावं? मी मात्र हसले नाही. ते वाक्य दोन्ही भाषांत खरं आहे.

तेव्हा आज मी तिथल्या शिक्षेविषयीच बोलते. बघा, साहेबांनी मान डोलावली.

तिथली शिक्षेची व्यवस्था उत्तम आहे. तिच्यातून कोणी सुटत नाही. इथे मूल चुकलं की आपण छडी उचलतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत प्रकरण मिटतं. तिथे मुलावर हात उगारायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी फार आवडलं. शिक्षा शिक्षकांसाठी आहे, हे कळायला थोडा वेळ गेला.

ह्यांना पुस्तकाबाहेरचं शिकवायची खोड. इथल्या बिट्टन मार्केटातल्या भाजीवाल्याच्या तराजूवर समीकरणं शिकवणारा हा माणूस. तिथे एका मुलीने विचारलं, सर, आमच्या नदीला पाणी का राहिलं नाही? ह्यांनी फळ्यावर नदी काढली, वर धरण काढलं आणि गणित मांडलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात नव्हती. फळाही नव्हता, भिंतीत खिळे तेवढे होते. त्यानंतर महिनाभर प्रार्थनेच्या वेळी हे सगळ्या शाळेसमोर भिंतीकडे तोंड करून उभे असत. मी शिक्षकांच्या रांगेत उभी असे. कोणी ह्यांना एक शब्द बोललं नाही. मुलं प्रार्थना सुरेख म्हणायची.

आमच्या मुलाच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी मला परत यायची परवानगी मिळाली. हे पुढच्या सत्रात येणार होते. मग त्याच्या पुढच्या. आता शेजारच्या कांचनताईंकडे ह्यांचा फोन येतो, तेव्हा हे माझ्याशी हिंदीत बोलतात. अहो, दूधवाल्याशीसुद्धा मराठीत भांडणारा माणूस! परवा म्हणाले, “यहाँ शिक्षा बहुत अच्छी है, मुझे रोज़ मिलती है.” ऐकणाऱ्याला वाटलं असेल, सर खूश आहेत. मी ते वाक्य मराठीत ऐकलं. मंडळी, मला फार भीती वाटते.

साहेबांनी टाळी वाजवली. हिंदी वाक्य त्यांना पोचलं.

वैजयंती, तू हुशार आहेस, म्हणूनच निवडली गेलीस. माझ्यानंतर तू व्यासपीठावर यायचं, कागदपत्रं साहेबांच्या हाती सोपवायची आणि फोटो निघायचा, असं ठरलं आहे. तिकडे शाळा ती आपल्या कपाटात सांभाळते. तुझे आजोबा ज्याला हट्टाने पारपत्र म्हणायचे, ते माझं मला कपाटातून काढून दिलं. ह्यांचं आतच राहिलं. यापुढे उघड काय बोलू? नव्या शाळेत रुळायला वेळ लागतो, असं सगळे तुला सांगतील. मी रुळले होते ग. भिंतीकडे तोंड केलेल्या नवऱ्यासमोर मी प्रार्थना म्हणत होते.

साहेब हसायचे थांबले आहेत. केशवरावांच्या कानाशी लागून काहीतरी विचारताहेत. केशवराव, सांगा, पण सावकाश सांगा. वैजयंती, तू पर्स मांडीवरच राहू दे. शकुंतलाबाई, लेकीचा हात धरा.

मंडळाने मला बोलू दिलं, भगिनींनी एवढ्या माणसांचे पोहे केले, सर्वांची मी ऋणी आहे. काही अधिकउणं बोलले असेन तर आपण घरचे आहात, पोटात घालाल. साहेबांचं मला सांगता येत नाही, म्हणून त्यांची क्षमा त्यांच्याच भाषेत मागते.

साहब, जो देखा, मैंने देखा. जो कहा, मैंने कहा. सर ने मुझसे कभी कुछ नहीं कहा.