अकोल्याची सोनोग्राफी

— कापाकापी नाई म्हने ताई, दुर्बीन घालून करतेत. गर्भाच्या पिशवीत मधातच पडदा हाय, तेवढा काढतेत — अर्धा घंटा, डाक्टरीनबाई म्हने. झाला ना अर्धा घंटा? होऊनच गेला. तुमची सून हाय का आत? मायी पोरगी हाय, गीतांजली. आमी अकोल्याकडले, शेवंती लावतो. पोरगी अठी अमरावतीले देल्ली. तीन डाव दिवस गेले तिले, अन् तीनी डाव पोट पडलं. तिसऱ्या डावी मी तिच्याच घरी होती — पोरगी मोरीतून आवाज देऊन रायली अन् मी दाराबाहेर उभी. पायच उचलला नाई. सासू गेली आत, सासूनं धुतलं-पुसलं. अन् सासू अशी का बाप्पा, एका शब्दानं पोरीले दुखवलं नाई! लोकं बोलले त म्हने, मायाच गजेंद्राले पह्यले तपासा. पोराले धरून नेलं दवाखान्यात. त्याचं समदं चांगलं निघालं, तरी पोरीले म्हने, तू भिऊ नको. खाष्ट असती ना ताई, त मले सोपं गेलं असतं.

काहून म्हनता? काई नाई, असंच — आता सकाळी डाक्टरीनबाईनं इचारलं, लग्नाआधी कधी सोनोग्राफी केल्ती का? मी म्हटलं, नाई. पोरगी मायाकडे पाहून रायली. तिले आठवते ना! सतरा वर्साची होती, पाळीत पोट धरून लोळे, तवा मीच नेलं होतं अकोल्याले. डाक्टरनं तवाच सांगितलं, पिशवीत पडदा दिसते, लग्न झालं का दिवस जायाच्या आधी दाखवजा. मी पोरीले म्हटलं, काई नाई निघालं. सोयरीक येऊन रायलती ना हो! पोरीच्या पिशवीत खोट हाय म्हटल्यावर कोन करनार होतं? मले वाटलं, बायकाइचं दुखनं, लग्न झालं का जाते. रिपोर्ट चुलीत घातला. पह्यलं पडलं तवा म्हटलं, आता सांगतो. दुसऱ्याच्या टायमाले त सांगाले तोंडच रायलं नाई. तिसरं त — तिसरं मी खाल्लं, ताई. मी माय नाई, वैरीन हावो तिची.

आता सांगू? सासूले? ते हाकलनार नाई हो पोरीले, मले मालूम हाय. मायी पोरगीच मले —

चूप, त्या येऊन रायल्या. तुमी काई ऐकलं नाई. — या विहीनबाई. झालं? चांगलं झालं? देव पावला माय! शुद्धीवर आली? चला, मी येतो, मायी चप्पल कोठी — काय म्हने? मले नाई? तुमालेच बलावते?

जा. तुमीच जा विहीनबाई. मी बसतो अठीच.

काय पाहून रायल्या, ताई, मायाकडे? तुमच्या सुनेचं पाहा.