फायनलच्या दिवशीची सभा

आमच्या गणपती मंडळाचा मी वर्षानुवर्षं बिनविरोध अध्यक्ष आहे. आता वार्षिक सभा मी मुद्दाम क्रिकेटच्या फायनललाच ठेवतो आणि कोणी फिरकत नाही, ही गोष्ट वेगळी.

शेजारची पूर्वा एम.ए.ला जपानचं आजचं राजकारण शिकते. एकदा तिला छेडलं, "काय गो, तिथे एवढं काय बघण्यासारखं?"

"एकच पक्ष इतकी वर्षं सत्तेत कसा टिकतो ते, आबा."

"मग जपान कशाला? माझाच अभ्यास कर की!"

यंदाही फायनलला मी रिकाम्या खुर्च्यांपुढे सभा सुरू केली. तोच पूर्वा अख्खी चाळ घेऊन आत शिरली.

"अरे, मॅच सोडून इकडे कुठे?"

"तुमचा अभ्यास झाला, आबा. आता मतदान घ्या. मी उभी आहे."