हापशाचं पाणी आणि रहमतमियाँचा पंखा

आम्ही लखनौला अलीगंजमध्ये राहायचो ना, तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकातली. एकदा गल्लीतल्या हापशाच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला. जवळच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळत होती. टाकी रिकामी केली, पण मातीत मुरलेलं पेट्रोल तसंच राहिलं. मी पडलो इंजिनियर. म्हटलं, पाइप पुरून जमिनीतली हवा ओढली, तर पेट्रोल वाफ होऊन निघेल. पण विजेच्या पंख्याची ठिणगी पडली, तर गल्लीच उडायची!

तेव्हा कोपऱ्यावरचे लोहार रहमतमियाँ आपल्या भट्टीचा, हाताने फिरवायचा पंखा घेऊन आले.

"मियाँ, और आपकी भट्टी?" मी विचारलं.

"ठंडी रहेगी, साहब. बच्चों के पानी का सवाल है."

उंच नळकांड्यातून वाफ छपरांच्या वर सोडली. चार महिने अख्ख्या गल्लीने आळीपाळीने दांडा फिरवला, तेव्हा कुठे वास गेला.

पंखा परत करताना मी हापशाच्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "मियाँ, अब आप भी साफ पानी पीजिए."

मियाँ हसले. "हम तो उधर पुराने शहर में, चौक मोहल्ले में रहते हैं, साहब. पीने का पानी भी घर से ही लाते हैं."